समजा गाडी गेटवर उभी आहे: सुपरवायझरच्या मुलाखतीतले 'काय कराल?' छाप प्रश्न

पाळीप्रमुख

चाकण असो, वाळूज असो की अंबड, सुट्या भागांच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझरच्या जागेसाठी गेलं की पहिली दहा मिनिटं 'कुठले, डिप्लोमा कुठून, आत्ता कुठे आहात' यात जातात. मग समोरचा खुर्चीत मागे टेकतो आणि विचारतो, "समजा गाडी गेटवर उभी आहे, ग्राहकाची लाइन दोन तासांत थांबणार आहे आणि शेवटच्या तपासणीत माल नापास झाला. काय कराल?" खरी मुलाखत इथून सुरू होते.

या प्रश्नांच्या दोन जाती. 'समजा असं झालं तर' ही एक, 'असं कधी झालं होतं, तेव्हा काय केलंत' ही दुसरी. नोकरीत माणूस ज्या क्षणी तरतो किंवा बुडतो ते क्षण गोळा करायची पद्धत जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडली. त्यावरून गॅरी लॅथम आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये 'समजा' प्रकारची मुलाखत बांधली. त्यात प्रत्येक प्रश्नाची चांगली, मध्यम आणि टाकाऊ उत्तरं आधीच ठरवून ठेवलेली असतात. म्हणजे समोरच्याच्या पॅडवर गुण द्यायचा तक्ता असू शकतो. तुमचं भाषण रंगलं की नाही याला त्यात रकाना नसतो.

माझं म्हणणं एवढंच, की शॉपफ्लोअरच्या मुलाखतीत उत्तराचा शेवट कोणी ऐकत नाही, क्रम ऐकतात. कोणाला इजा होतेय का, हे पहिलं. मग नुकसान पसरायचं थांबवणं, मग कळवणं, मग कारण, मग पुन्हा होऊ नये म्हणून काय. कारणापासून सुरुवात करणारे निम्मे उमेदवार तिथेच गळतात, कारण ते फिशबोन (कारणं शोधायची आकृती) काढत असताना मशीन खराब माल पाडतच असतं.

गाडीचा प्रश्न उलगडतो, म्हणजे 'तपशील' कशाला म्हणतात ते कळेल.

धरा, २५ एच७ चं बोअर आहे, म्हणजे २५ मिमीचं, ठरावीक सूट असलेलं भोक. मर्यादा २५.००० ते २५.०२१. गाडीनं जायचे ६०० नग: ३५० कालचे, आज सात ते अकराचे २००, अकरा ते बाराचे ५०. सायकल टाइम ७२ सेकंद, म्हणजे तासाला ५०. दर तासाला तपासणी. अकराची नोंद पास आहे. बारा वाजता तीन नगांत नो-गो प्लग (वरच्या मर्यादेचं गेज, ते आत जायला नको) सरळ आत गेला.

१. आधी ते मशीन थांबवा. ऑपरेटरला 'बघ जरा' म्हणणं म्हणजे थांबवणं नव्हे.

२. गेजवर विश्वास आहे का? तेच तीन नग बोअर गेजने, सेटिंग रिंगवर शून्य लावून, पुन्हा मोजा. नो-गो झिजून बारीक झाला असेल तर चांगला नगही नापास दिसतो. पाच मिनिटांचं काम, पण हे बोलून दाखवणारा उमेदवार क्वचित भेटतो.

३. शेवटची पास नोंद अकराची, म्हणून त्यानंतरचं सगळं संशयित. ते ५० नग आत्ता कुठे आहेत? मशीनशेजारच्या ट्रेमध्ये, वॉशिंगमध्ये, पॅकिंगच्या टेबलावर आणि गाडीत. चारही जागांची नावं घ्या. बारानंतर मशीन थांबेपर्यंत दोन-चार नग पडले असतील तर तेही त्यात.

४. लाल टॅग: पार्ट नंबर, बॅच, संख्या, कारण, तारीख, पाळी, सही. माल कुलपाच्या लाल पेटीत.

५. आता फोन. प्लांट हेड, पीपीसी (उत्पादनाचं नियोजन बघणारे) आणि ग्राहकाकडची क्वालिटी, तिघांनाही. फोनवर 'प्रॉब्लेम झालाय' म्हणू नका, आकडा सांगा: "६०० पैकी ५५० आत्ता निघतात, ५० अडकलेत." क्रेटवरच्या लेबलवर पाळी आणि वेळ नीट लिहिलेली असेल तरच हे जमतं. नसेल तर सगळे ६०० प्लगने तपासा: नगाला १५ सेकंद, दोन माणसं, सव्वा तास. गाडीला पोचायला ४० मिनिटं धरली तर दोन तासांतली जेमतेम पाच मिनिटं उरतात. हा हिशेब तोंडी मांडलात की समोरचा पेन खाली ठेवतो.

आणि मग येतो पुढचा चेंडू: "प्लांट हेड म्हणाले पाठव, एखाद-दोन मायक्रॉनने काय होतंय?" इथे शूर व्हायचं नाही, लाचारही नाही. मर्यादेबाहेरचा माल स्वीकारायचा अधिकार ग्राहकाचा. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकातही ग्राहकाची आगाऊ परवानगी मागितलेली आहे. तेव्हा: "सर, त्यांच्या क्वालिटीची मेल आली की लगेच पाठवतो. मेलचा मसुदा पाच मिनिटांत तुमच्यासमोर ठेवतो." नकार तुमचा राहत नाही आणि काम पुढे सरकतं.

बाकीच्यांनी आपापले प्रश्न टाका.

डिप्लोमा२४

धन्यवाद सर. 'कधी झालं होतं' प्रकारासाठी मी हे लिहून पाठ केलंय, तपासून द्याल का?

"आमच्या लाइनवर बोअर ओव्हरसाइज येत होतं. मी रूट कॉज ॲनालिसिस केलं. इन्सर्ट झिजल्यामुळे बोअर मोठं होत होतं असं आढळलं. आम्ही इन्सर्ट बदलला, सर्व नग रिवर्क केले आणि रिजेक्शन शून्यावर आलं. सर्वांनी कौतुक केलं."

नोगो

भाऊ, हे उत्तर कुठल्याही टूलरूमवाल्यासमोर दिलंत तर तिथेच चहा मागवून तुम्हाला निरोप देतील. तीन चुका आहेत.

एक, बोअरिंगचा इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) झिजला की टोक मागे सरकतं, बोअर लहान होतं. बाहेरचा व्यास टर्न करताना झीज झाली तर व्यास मोठा होतो, तिथली गोष्ट तुम्ही इथे आणलीत. बोअर मोठं येत असेल तर संशय घ्यायचा तो ऑफसेट (मशीनमध्ये भरायची टूलच्या मापाची दुरुस्ती) जास्त गेल्याचा, इन्सर्ट सीटवर नीट न बसल्याचा, खाली चिप अडकल्याचा किंवा टोकाला धातू चिकटून साठल्याचा.

दोन, मोठं झालेलं बोअर रिवर्क कसं केलंत? धातू काढता येतो, भरता येत नाही. लहान बोअर पुन्हा मशीनवर घेता येतं. मोठं झालं की स्क्रॅप, नाहीतर ग्राहकाची लेखी परवानगी.

तीन, 'शून्यावर आलं'. किती दिवस? किती नगांत? शून्य हा मुलाखतीतला सर्वांत संशयास्पद आकडा.

पाठ केलेलं उत्तर पहिल्या उपप्रश्नालाच फुटतं, ते यामुळे.

डिप्लोमा२४

बाप रे. मग खरं कारण काय असू शकतं, म्हणजे पटेल असं?

नोगो

'पटेल असं' शोधू नका, तुमच्या ट्रेनिंगमध्ये खरं पाहिलेलं शोधा. पण कारण किती खोल जायला हवं त्याचा नमुना देतो. वर पाळीप्रमुखांनी जे बोअर घेतलंय तेच घ्या.

बोअर झिजेमुळे २५.००२ वर आलं होतं. सेटरला ते २५.०१२ वर न्यायचं होतं, म्हणजे दहा मायक्रॉन वाढवायचे. ऑफसेटच्या पानावर त्या टूलच्या वेअरमध्ये, म्हणजे झिजेच्या रकान्यात, आधीच -०.०१० होतं. त्यात ०.०१० मिळवून शून्य व्हायला हवं होतं. फानुकच्या (मशीनच्या सीएनसी कंट्रोलच्या) पडद्यावर 'इनपुट' आणि '+इनपुट' अशी दोन बटणं असतात: दुसरं मिळवतं, पहिलं जुना आकडा पुसून नवा बसवतं. त्याने 'इनपुट' दाबलं. ऑफसेट +०.०१० झाला, बोअर वीस मायक्रॉननं वाढून २५.०२२. नो-गो २५.०२१ चा. गेला आत.

आता फाइव्ह व्हाय. बोअर मोठं का? ऑफसेट चुकला. का? चुकीचं बटण. चूक कळली का नाही? ऑफसेट बदलल्यावर पुढचा नग मोजला नाही. का नाही? कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कधी मोजायचं त्या तक्त्यात) टूल बदलल्यावर पहिला नग मोजायचा लिहिलंय, ऑफसेट बदलल्यावर लिहिलेलं नाही. बहुतेक उमेदवार दुसऱ्या 'का'वर थांबतात आणि "ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं" म्हणून मोकळे होतात. चौथ्या 'का'पर्यंत गेलात तर उपाय आपोआप कागदावर येतो: कंट्रोल प्लॅनमध्ये एक ओळ वाढवा, आणि वेअर ऑफसेट एका वेळी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त भरता येऊ नये अशी मशीनमध्ये सोय असेल तर ती लावा.

'ट्रेनिंग दिलं' हे उत्तर आठ-डीच्या (ग्राहकाला द्यायच्या दोष-निवारण अहवालाच्या) फॉर्मवरही ग्राहक परत पाठवतो, मुलाखतीत तर पाठवणारच.

तिरकस

म्हणजे मुलाखतीला जाताना मशीनच सोबत न्यायचं म्हणा की.

पाळीप्रमुख

न्या. गेटवर मटेरियल गेटपास लागेल तेवढा.

मस्टर

एचआरच्या बाजूनं भर घालते. आमच्या तक्त्यात हमखास असलेला प्रश्न: "सकाळी सातची पाळी, १८ माणसांच्या लाइनवर चार गैरहजर. काय कराल?" गौरी-गणपतीत आणि लग्नसराईत हा प्रश्न काल्पनिक राहतच नाही.

"सगळ्यांना मोटिव्हेट करून टार्गेट पूर्ण करू" हे उत्तर ऐकून कान किटलेत. टार्गेट पूर्ण होणार नसेल तर ते सातला सांगणारा सुपरवायझर हवा असतो, साडेतीनला सांगणारा नव्हे.

ऐकायला आवडतं ते साधारण असं. स्किल मॅट्रिक्स (कोणाला कोणतं काम येतं तो तक्ता) बघून कोणती स्टेशन रिकामी पडलीत ते ठरवलं. सुरक्षेशी संबंधित किंवा खास प्रशिक्षण लागणारं स्टेशन (टॉर्कचं, लीक टेस्टचं, वेल्डिंगचं) असेल तर तिथे मॅट्रिक्समध्ये पात्र असलेलाच माणूस, भले दुसरं स्टेशन बंद ठेवावं लागलं तरी. हेल्परला तिथे उभं करणार नाही. मग हलकी स्टेशन जोडायची.

यात गणित आहे. पाळी ८ तासांची म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन चहाची २० वजा, राहिली ४३०. लाइनचा ताल ६० सेकंद, म्हणजे पूर्ण हजेरीत ४३० नग. आता ५५ आणि ४० सेकंदांची दोन स्टेशन एकाच माणसाकडे दिली तर ताल ९५ सेकंदांवर जातो आणि नग होतात २७१. तेच ३० आणि २८ सेकंदांची जोडली तर ५८, म्हणजे एकही नग कमी नाही. कोणती जोडी करायची हे सांगणारा उमेदवार आणि 'ॲडजस्ट करू' म्हणणारा, दोघांत हाच फरक.

पीपीसीला साडेसातच्या आत कळवलं, रात्रपाळीतल्या कोणाला थांबायचंय का विचारलं, हेही यावं. विचारलं, बसवून ठेवलं नाही. ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यावा लागतो आणि त्याला कायद्याची मर्यादा आहे. रात्रभर काम केलेल्या माणसाला प्रेसवर उभं करणं हा वेगळाच धोका. "कोणालाही सोळा तास उभं करीन" असं जोशात बोललात की माझ्या तक्त्यात टाकाऊचा रकाना भरला.

टूलक्रिब

सुरक्षेचा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून. "फेरी मारताना दिसलं की ऑपरेटरनं मशीनच्या दाराच्या इंटरलॉकला (दार उघडलं की मशीन थांबवणाऱ्या स्विचला) चुंबक लावून तो फसवलाय आणि दार उघडं ठेवून चालवतोय. उत्पादन जोरात आहे. काय कराल?"

नव्वद टक्के वेळा सुरुवात होते ती "त्याला समजावून सांगीन" अशी. समजावत असताना स्पिंडल फिरतोय ना!

पहिलं वाक्य: मशीन थांबवीन. दुसरं: मेन आयसोलेटर बंद, कुलूप, टॅग, चावी माझ्या खिशात. तिसरं: त्याला इजा झालीय का पाहीन. मग चुंबक काढून मेंटेनन्सला बोलावणं, निअर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) नोंदवणं. सगळ्या लाइनसमोर ओरडायचं नाही, बाजूला घेऊन बोलायचं.

आणि मग उत्तराचा जो भाग बहुतेकांकडून सुटतो तो: त्यानं चुंबक का लावला? गंमत म्हणून कोणी लावत नाही. स्विच ढिला झाला असेल आणि तासाला चार वेळा खोटा अलार्म देऊन सायकल तुटत असेल. किंवा चिप्स अडकतात म्हणून दर दोन नगांनी दार उघडावं लागत असेल. किंवा त्याचा इन्सेंटिव्ह नगावर असेल. पहिल्यात स्विच बदला, दुसऱ्यात कूलंटची दिशा नाहीतर चिप ब्रेकर बघा, तिसऱ्यात एचआरशी बोला. आणि शेजारच्या मशीनवरही चुंबक आहे का बघा. एकावर असला की बहुतेक चारावर असतो.

कारवाई करणार का असं विचारतातच. "नियमाप्रमाणे रिपोर्ट करीन, शिक्षा ठरवायचा अधिकार माझा नाही" हे बरोबर. "सस्पेंड करीन" म्हणणाऱ्या सुपरवायझरला तो अधिकार कोणी दिला?

डिप्लोमा२४

वयानं मोठा ऑपरेटर ऐकत नसेल तर? मला २३ वर्षं, तो ४५ चा. हा प्रश्न येणारच असं सगळे म्हणतात.

पाळीप्रमुख

येणारच. "प्रेमानं सांगीन, नाहीतर वरिष्ठांकडे तक्रार करीन" या उत्तरात दोन टोकं आहेत, मधला रस्ता नाही.

आधी 'ऐकत नाही' म्हणजे काय ते फोडा. काम करत नाही, की तुमच्या पद्धतीनं करत नाही? दुसरं असेल तर त्याची पद्धत बघा. वीस वर्षं तोच जॉब लावणाऱ्याचा फिक्स्चरवर हात कसा पडतो ते कामाच्या पद्धतीच्या शीटवर लिहिलेलं नसतं. त्याची पद्धत बरी असेल तर ती शीटमध्ये घालायला प्रोसेस इंजिनिअरकडे न्या आणि त्याचं नाव सांगा. वाईट असेल तर वाद घालू नका, मोजा: त्याच्या पद्धतीचे दहा नग, शीटच्या पद्धतीचे दहा, दोन्ही शेजारी मांडून त्यालाच गेज द्या. आकडा बोलला की तुम्हाला बोलावं लागत नाही.

संबोधनही विचारात घ्या. कारखान्यात 'काका', 'मामा', 'भाऊ' चालतं, अरेतुरे चालत नाही. ही गोष्ट उत्तरात एका वाक्यात आली तरी समोरच्याला कळतं, की हा फ्लोअरवर उभा राहिलेला आहे.

काम करायलाच नकार असेल तर मात्र मामा-काका बाजूला. कोणतं काम, किती वाजता सांगितलं, काय उत्तर मिळालं, तेव्हा तिथे कोण होतं, हे लॉगबुकात, आणि शिफ्ट इन्चार्जला तोंडी. युनियन असेल तर प्रतिनिधीला आधी कळवलेलं बरं, नंतर त्यानं ऐकीव ऐकण्यापेक्षा.

मस्टर

भाषेबद्दल एक. मराठी माणूस नम्रपणानं 'आम्ही' म्हणतो. त्याहून वाईट म्हणजे कर्ताच गाळतो: "लाइन थांबवली, टॅग लावला, मेल गेली." कोणी थांबवली? कोणी लावला? मेल काय आपल्या पायांनी गेली? मुलाखत घेणारा गुण देतो तो तुम्ही काय केलंत त्याला. निर्णय 'मी' आणि अंमलबजावणी 'आम्ही', एवढं पाळा: "लाइन थांबवायचं मी ठरवलं, सेटर आणि मी मिळून ट्रे वेगळे केले, टॅगवर सही माझी." यात कुठे बढाई वाटते का?

इंग्रजीत बोलायचं की मराठीत हा प्रश्न सुरुवातीलाच विचारून टाका. प्लांटच्या माणसाला मराठी-हिंदी चालत असेल तर अडखळत इंग्रजी बोलण्यात हशील नाही. पण होल्ड टॅगला 'थांबवा-चिठ्ठी' म्हणू नका, तो होल्ड टॅगच.

लांबी दीड ते दोन मिनिटं. प्रसंग सांगण्यात वीस सेकंदांपेक्षा जास्त घालवू नका. बरेच जण कंपनीचा इतिहास, लाइनची रचना, ग्राहक कोण यातच दीड मिनिट संपवतात. बरं, आधीच्या कंपनीच्या ग्राहकाचं नाव, ड्रॉइंगचे नंबर, किंमती बोलूच नका. 'एका दुचाकी कंपनीचा भाग' पुरे. तिथलं गुपित इथे सांगणारा उद्या इथलं तिथे सांगेल, हे समोरच्याच्या डोक्यात येतंच.

नोगो

खोटं कसं पकडतात तेही सांगून टाका, मुलांचा भ्रम जाईल. प्रसंग ऐकून झाला की आडवे प्रश्न येतात. सायकल टाइम किती होता? गेज कुठलं, त्याचा लीस्ट काउंट काय? किती नग वेगळे केले, त्यातले किती वापरता आले? ऑपरेटर काय म्हणाला? त्या वेळी क्वालिटीला कोण होतं आणि त्याचं मत काय पडलं? खऱ्या प्रसंगात माणूस एखादा आकडा विसरतो, पण ऑपरेटरचं वाक्य विसरत नाही. बनवलेल्या प्रसंगात आकडे तोंडपाठ असतात आणि माणसं मुकी.

फिटर_ते_इंजिनिअर

फ्रेशरांसाठी. 'असं कधी झालं होतं' याला "नाही झालेलं" हे उत्तर चालतं, पण तिथे थांबू नका. "हा प्रसंग माझ्यावर आलेला नाही. अप्रेंटिसशिपमध्ये जवळचा पाहिलाय तो सांगतो, आणि आला तर काय करीन तेही." कॉलेजच्या प्रोजेक्टमधला प्रसंगही चालतो, फक्त त्याला प्रोजेक्टच म्हणा, 'इंडस्ट्रियल असाइनमेंट' नको. चौघांचा प्रोजेक्ट, एकानं शाफ्टचं माप चुकवलं, बेअरिंग बसेना, सबमिशनला तीन दिवस: यात दोष, वेळ, सहकारी, निर्णय सगळं आलं. बेअरिंग हातोडीनं ठोकून बसवलंत की शाफ्ट पुन्हा लेथवर घेतला, एवढ्यावरून तुमची परीक्षा होते.

तयारीला वीस प्रश्नांची वीस उत्तरं लागत नाहीत. सहा प्रसंग नीट आठवा: माल बिघडला, मशीन बंद पडलं, माणूस अडला, वेळ कमी पडला, सुरक्षेचा धोका दिसला, आणि स्वतः चुकलात. प्रत्येकाला अर्धं पान. त्यावर वेळ, संख्या, माणसं आणि तुमचा निर्णय लिहा, वाक्यं नकोत. वाक्यं लिहिली की पाठ होतात, आणि पाठ झालं की वर डिप्लोमा२४ यांचं झालं तसं होतं.

स्वतःच्या चुकीवर थोडं. "मी परफेक्शनिस्ट आहे" ही चूक नव्हे. चूक नेमकी हवी आणि तिचा माग तुम्हीच घेतलेला हवा: जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग मशीनवर राहिलं, ४० नग जुन्या चॅम्फरनं गेले, पुढच्या ऑपरेशनला पोचायच्या आत मीच सांगितलं, सगळे परत आणले. मग जुन्या प्रती परत घेतल्याशिवाय नवी द्यायची नाही असं ठरवलं. कोणी पकडल्यावर कबूल केलेली चूक आणि स्वतः जाऊन सांगितलेली चूक, यांना वेगवेगळे गुण आहेत.

वर्षा_क्यूए

एक प्रश्न अलीकडे पुरुष उमेदवारांनाही विचारतात आणि बहुतेक जण तिथे घसरतात. "लाइनवरची एक मुलगी तुम्हाला येऊन सांगते, की अमुक ऑपरेटर त्रास देतो. काय कराल?"

"दोघांना समोरासमोर बसवून मिटवीन." पूर्ण चूक. "आधी खरं आहे का ते बघीन." हीही चूक, चौकशी तुमचं काम नाही. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, चौकशी ती करते. तुम्ही शांतपणे ऐकायचं, ती सुरक्षित आहे ना ते पाहायचं, समितीच्या सदस्यांची नावं आणि संपर्क तिला द्यायचे. तक्रार लेखी असावी लागते आणि सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत. तिला लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची असते, हेही तिला सांगायचं. आणि गप्प राहायचं. चहाच्या टेबलावर, व्हॉट्सॲप ग्रुपवर, बायकोलासुद्धा नाही.

तिची पाळी किंवा जागा आपण होऊन बदलू नका. चांगल्या हेतूनं केलं तरी शिक्षा तिलाच झाल्यासारखी दिसते. तिला बदल हवा असेल तर तिनं तसं समितीकडे मागायचं.

तिरकस

हे खरंच उपयोगी. माझा एक प्रश्न, तिरकस नाही. "बॉस चुकतोय असं दिसलं तर?" याला काय म्हणायचं? समोर बॉसच बसलेला असतो.

पाळीप्रमुख

मग तर बरंच, त्याला प्रत्यक्षच दिसेल तुम्ही कसं सांगता ते. चारचौघांत नाही, एकट्यात. मत नाही, मोजमाप. आणि एकदाच. उदाहरणार्थ, बॉस म्हणतो फीड (एका फेऱ्यात टूल किती सरकतं ते) ०.१५ वरून ०.२५ करा, नग वाढतील. तुम्ही म्हणता, "सर, फीड वाढला की पृष्ठभागाचा खडबडीतपणा साधारण फीडच्या वर्गानं वाढतो, म्हणजे पावणेतीन पट. ड्रॉइंगवर आरए, म्हणजे खडबडीतपणाची मर्यादा, १.६ आहे आणि आत्ताच आपण १.१ ला आहोत. पाच नग काढून रफनेस टेस्टरवर बघू का?" चाचणीत तुम्ही चुकलात तर मान्य करा. तुम्ही बरोबर असूनही त्यानं ऐकलं नाही आणि प्रश्न फक्त खर्चाचा असेल, तर त्याचा निर्णय पाळा आणि आकडे नोंदवून ठेवा. प्रश्न सुरक्षेचा किंवा नापास माल ग्राहकाकडे जाण्याचा असेल तर थांबा आणि वर जा. ही रेघ तुम्ही कुठे ओढता, तेच त्यांना ऐकायचं असतं.

डिप्लोमा२४

०.२५ भागिले ०.१५ चा वर्ग २.७८ येतो. १.१ गुणिले २.७८ म्हणजे ३.०६. बरोबर ना?

नोगो

बरोबर. हे तर गणितातलं झालं. प्रत्यक्षात इन्सर्टची नोज रेडियस (टोकाची गोलाई), कंपन आणि धातू यांनी थोडं इकडे-तिकडे होईल. नोज रेडियस दुप्पट केला तर तेच निम्म्यावर येतं, म्हणजे १.५३. १.६ च्या आत, पण काठावर. म्हणून बॉसला 'नाही' म्हणण्याआधी विचारा, "मोठ्या रेडियसचा इन्सर्ट स्टोअरला आहे का बघू?" कोपऱ्यात ड्रॉइंगवर लहानच रेडियस मागितलेला नाही ना, तेवढं आधी तपासून.